एसीत बर्फ धरला! तुमचे अनुभव लिहा

धरमपेठी
काल बहिणीकडे झोपलो होतो, रात्री दोनला टप टप आवाजाने जाग आली. बघतो तर एसीतून पाणी गळतंय आणि पुढचं झाकण उघडलं तर कॉइलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांच्या जाळीवर, पांढराशुभ्र बर्फ. एकदम २०११ चा मे आठवला. नागपूरचा उन्हाळा, आईचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाबांनी ओळखीच्या माणसाकडून जुना विंडो एसी आणला होता. आठवड्यातच त्यावर बर्फ धरला. आमच्या जुन्या फ्रीजमधला बर्फ बाबा सुरीने खरवडायचे, तसाच हाही खरवडायला गेले आणि फुस्स्स... तो आवाज अजून कानात आहे. कॉइलला भोक पडलं, सगळा गॅस गेला. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पहाटेपर्यंत आईच्या उशाशी बसून पेपरने वारा घालत होते. दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने फिल्टर काढून दाखवला, धुळीची गोधडीच. मूळ दुखणं तेवढंच होतं, नळाखाली धुतला असता तर झालं असतं.
तुमच्याकडे झालंय का असं? शेवटी काय निघालं?

मीठभाकर
बाबांचं वाचून गलबलून आलं. आई कशा आहेत आता?

धरमपेठी
ठणठणीत आहे, काल तिनेच बादली लावली गळतीखाली 🙂

खारघर_टेकडी
आम्ही तीन उन्हाळे गॅस भरला. दर मार्चमध्ये बर्फ, दर मार्चमध्ये एसीवाला येणार, गेज लावणार, गॅस कमी आहे म्हणणार, भरणार, पैसे घेणार, की पुढच्या वर्षी परत तेच. चौथ्या वर्षी एक पोरगा आला, पंचविशीचा असेल, त्याने गेज बाजूला ठेवलं आणि आधी भांडी घासायच्या साबणाचा फेस करून पाइपाच्या जोडांना लावला. आउटडोअरच्या (बाहेरच्या युनिटच्या) फ्लेअर नटपाशी, म्हणजे पाइपाचं पसरट केलेलं तोंड जिथे आवळतात तिथे, बारीक बारीक बुडबुडे यायला लागले, आम्ही सगळे वाकून बघत होतो. म्हणाला काकू, गॅस काय पेट्रोल आहे का संपायला, बंद पाइपात गोल फिरतो, कमी झाला म्हणजे कुठूनतरी गेला. त्याने फ्लेअर नवीन केला, नायट्रोजन भरून प्रेशर धरतंय का पाहिलं, मग व्हॅक्यूम पंप लावून ठेवला आणि शेवटी वजनकाट्यावर मोजून गॅस भरला. त्याला आता पाच वर्षं झाली. आधीच्या तिघांपैकी एकानेही लीक शोधला नाही याचा मला अजून राग येतो.

टूबीएचके
पण गॅस कमी झाला तर थंडावा कमी व्हायला हवा ना, उलट बर्फ कसा काय? कोणी सांगेल का

मिस्त्री_नाशिक
मी हेच काम करतो, सांगतो. गॅस कॉइलमध्ये उकळतो आणि उकळताना उष्णता ओढतो. उंच डोंगरावर हवेचा दाब कमी म्हणून पाणी लवकर उकळतं ना, तसंच गॅस कमी झाला की दाब पडतो आणि तो आणखी कमी तापमानाला उकळतो. एरवी कॉइल साधारण ५ ते १० डिग्रीला असते, ती शून्याखाली जाते. मग हवेतली ओल तिच्यावर गोठते, बर्फाने हवेची वाट अडते, हवा अडली की कॉइल अजून गार, की अजून बर्फ. फिल्टर तुंबला किंवा ब्लोअर (आतला पंखा) हळू फिरत असला तर गॅस पुरेसा असूनही हेच होतं.
बर्फ दिसला की कूलिंग बंद करून नुसता फॅन मोड दोन-तीन तास, खाली टॉवेल. सुरी, स्क्रू ड्रायव्हर अजिबात नाही. मग फिल्टर धुवा, वाळवा, लावा. तरी परत धरला तरच माणूस बोलवा, आणि त्याला आधी लीक कुठंय ते दाखव म्हणा. नवीन मशीनमध्ये आर-३२ नावाचा गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे गॅस पूर्ण काढल्याशिवाय कोणाला वेल्डिंगची गन पेटवू देऊ नका.

टूबीएचके
किती छान समजावलंत 🙏

सोळावर_ठेवा
आमच्या घरी मुलगा १६ वर लावतो, त्याने होतं का? २०२० पासून नवीन एसी सुरू होतानाच २४ वर येतात, पण तो लगेच खाली आणतो

मिस्त्री_नाशिक
धडधाकट मशीनला १६ वर पण धरत नाही, कॉइलवरचा सेन्सर कॉम्प्रेसर थांबवतो. पण फिल्टर मळलेला आणि बाहेर पाऊस पडून गारवा असेल तर रात्रीत धरतो.

ह्यूस्टनची_मावशी
इकडे सेंट्रल एसी, मशीन माळ्यावर. मला धुळीची ॲलर्जी म्हणून ह्यांनी खूप दाट विणीचा फिल्टर आणून बसवला, प्रेमानेच हो. पण मशीनला श्वासच घेता येईना, जाड पाइपावर मनगटाएवढा बर्फ, तो वितळला तेव्हा खालचं तबक भरून वाहिलं आणि हॉलच्या छताला डाग. बाहेर १०० फॅरनहाइट, लेक सात महिन्यांची. फॅनवर चार तास ठेवून, साधा फिल्टर घातल्यावर जीवात जीव आला.

वाकडवासी
आमच्याकडे बर्फ नाही, पण आउटडोअरच्या मागे कबुतराने अंडी घातलीत, एसी लावायचा धीर होत नाहीये. घरभर पंखे

मीठभाकर
@वाकडवासी अठरा-वीस दिवसांत पिल्लं बाहेर येतात, पण उडायला अजून महिना. आम्ही थांबलो होतो, मुलं रोज बघायची. नंतर जाळी लावा

वाकडवासी
महिना 😟 बरं, थांबतो. गॅलरीत पाणी ठेवलंय

धरमपेठी
अपडेट. फिल्टर धुतला, तो बराच साफ होता. म्हणून टॉर्च मारून आत पाहिलं तर ब्लोअरच्या पात्यांवर काळी मऊ लव, बोट फिरवलं तर चिकट. बहिणीचा ओटा त्याच खोलीला लागून, फोडणीचा धूर सगळा आत जात होता. माणूस बोलावून पंपाने धुवून घेतला, बादलीत काळं पाणी. आता वारा नुसता झोतासारखा येतोय, आई शाल मागतेय