भिंतीवर सांकेतिक भाषा: सुरुवात कुठून करावी?

रंगरेषा: गावातल्या मूकबधिर मंडळाबरोबर वाचनालयाच्या भिंतीवर (18 फूट बाय 6 फूट) चित्र करायचं आहे. 23 सप्टेंबरच्या आंतरराष्ट्रीय सांकेतिक भाषा दिनापर्यंत व्हावं अशी इच्छा आहे. नेटवरचा बोटांच्या मुळाक्षरांचा तक्ता उतरवून त्यांच्याकडून रंगवून घेतला तर चालेल का? आणि हाताची हालचाल चित्रात कशी दाखवायची?

बोलके_हात: आधी शब्द: कर्णबधिर म्हणा. ‘मूक’ अनेकांना खटकतं, आणि ते रास्त आहे. त्यांना भाषा आहे.

तक्ता नको. नेटवर सर्रास सापडतो तो अमेरिकन, एका हाताचा. भारतीय सांकेतिक भाषेत बहुतेक इंग्रजी अक्षरं दोन हातांनी करतात. उजव्या तर्जनीने डाव्या अंगठ्याच्या टोकाला स्पर्श केला की ए, तर्जनीला ई, मधल्या बोटाला आय, अनामिकेला ओ, करंगळीला यू. चित्रात उजव्या तर्जनीचं टोक दोन बोटांच्या मध्ये पडलं, की ई आहे की आय हे कर्णबधिर माणसालाही सांगता येणार नाही.

शिवाय ‘रंगवून घेणं’ म्हणजे सहभाग नव्हे. कोणते शब्द घ्यायचे हे मंडळाने ठरवावं. खुणा शहरागणिक बदलतात. दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात 10,000 शब्द आहेत, तो ताडून पाहायला उत्तम. पण भिंतीवर खूण तीच यावी जी तिथली माणसं करतात.

खुणा करणाऱ्यांचे फोटो कमरेपासून डोक्याच्या वरपर्यंत घ्या. चेहरा कापू नका, प्रश्न भुवयांतून कळतो. सेल्फी कॅमेऱ्यात बऱ्याचदा डावं-उजवं उलटतं, म्हणून मागचाच कॅमेरा वापरा. हालचालीची सुरुवात फिकट रेषेत, शेवट भरीव रंगात आणि मध्ये एक बाण. एका खुणेत तीनपेक्षा जास्त स्थिती कोंबल्या की बोटांचा गुंता होतो. हातामागे सपाट, त्वचेपेक्षा ठळक वेगळा रंग हवा; नक्षी अजिबात नको.

कच्चं रेखाटन खडूने काढून थांबा. ज्यांनी खूण केली नव्हती अशा दोघातिघांना वाचायला सांगा. अडखळले तर तिथेच पुसा.

चुना_गेरू: सप्टेंबरात भिंत ओली असते. ओलीवर रंग दिला की फुगे येतात, पापुद्रे सुटतात. तारीख धरायचीच असेल तर चित्र प्लायच्या फळ्यांवर करा, कडा प्रायमरने नीट बंद करा आणि नंतर भिंतीला ठोका. भिंतच हवी तर दिवाळीनंतर: खरवडणं, प्रायमरचा एक हात, मग एक्स्टिरिअर इमल्शनचे दोन. 108 चौरस फुटांच्या पार्श्वभूमीला दोन लिटर लागेल.

रंगरेषा: फळ्या पटल्या. शब्द मंडळच ठरवेल. दुभाषी एकच आहे, तीन तासांची बैठक चालेल का?

बोलके_हात: नाही. सलग काम असेल तर दोन दुभाषी लागतात, वीसेक मिनिटांनी आलटून पालटून. एकच असेल तर तासाभराची बैठक ठेवा, मध्ये विश्रांती द्या. खुर्च्या अर्धवर्तुळात, बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, नाहीतर हात काळे दिसतात. रेखाटन दाखवताना समजावू नका: आधी सगळ्यांना पाहू द्या, नजर वर आली की मग सांगा. रंगकामातही तसंच. हातात ब्रश असला की बोलणं थांबतं, म्हणून प्रत्येकाजवळ ब्रश ठेवायला डबा हवा.