टाकळ्याचे बी आणि ‘गोवा पावडर’ यांत एकच द्रव्य आहे का?

रानवाट (प्रश्न): आमच्याकडे कोकणात नायट्यावर टाकळ्याचे बी लिंबाच्या रसात उगाळून लावतात. जुन्या औषधांविषयी वाचताना ‘गोवा पावडर’ हे नाव आढळले. तीही नायट्यावर वापरत आणि पुढे तिच्यामुळेच सोरायसिसचे एक औषध मिळाले, असे समजले. या दोन्हींचा रासायनिक संबंध आहे का? माझ्या भावाला सोरायसिस आहे. त्याला टाकळ्याचा लेप चालेल का?

वनौषधी_अभ्यासक: संबंध आहे, पण चुलत भावंडांचा. मुळात गोवा पावडर गोव्याची नव्हेच. ब्राझीलमधील बाहियाच्या अरारोबा वृक्षाच्या खोडातील पोकळ्यांत ती साठते; पोर्तुगीज व्यापारातून ती गोव्यात पोहोचली आणि तिथून पुढे गेल्यामुळे इंग्रजांनी तिला हे नाव दिले. लंडनचे त्वचारोगतज्ज्ञ बाल्मॅनो स्क्वायर यांनी 1876 च्या सुमारास सोरायसिसवरील तिचा गुण प्रसिद्ध केला. तिच्यातील मुख्य द्रव्य क्रायसारोबिन, तर टाकळ्याच्या बियांतील क्रायसोफॅनॉल. क्रायसारोबिन हे क्रायसोफॅनॉलचेच क्षपण झालेले, म्हणजे ऑक्सिजन कमी असलेले रूप आहे. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, पण सारी मेख त्यातच आहे: हे रूप हवेत सहज ऑक्सिडीकरण पावते, त्या वेळी मुक्त मूलके (अतिशय क्रियाशील, अस्थिर कण) तयार होतात आणि सोरायसिसमध्ये बेसुमार वाढणाऱ्या पेशींना आवर घालण्यात त्यांचा मोठा वाटा असतो. क्रायसोफॅनॉलचा दाहशामक गुण प्रयोगशाळेत पेशींवर व प्राण्यांवर दिसला आहे, मात्र त्याचा मार्ग निराळा आहे. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा माल मिळेनासा झाल्यावर जर्मनीत 1916 मध्ये क्रायसारोबिनच्या जागी सोरायसिसवर डायथ्रॅनॉल हे कृत्रिम द्रव्य वापरात आले.

त्वचारोग_चिकित्सक: वरील माहिती योग्य आहे, परंतु डायथ्रॅनॉलला कोणी सरसकट दाहशामक समजू नये. निरोगी कातडीची ते स्वतःच आग करते आणि कपड्यांवर न निघणारे डाग पाडते. म्हणून कमी तीव्रतेपासून सुरुवात करून, केवळ चट्ट्यावर, बहुधा अर्ध्या तासापुरते लावून धुऊन टाकायला सांगतात. टाकळ्याच्या लेपात द्रव्य किती उतरले याचा अंदाज घरी करता येत नाही. त्यातच लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होते, आणि सोरायसिसच्या रुग्णांत कातडीला इजा झालेल्या जागी नवे चट्टे उठू शकतात. त्यामुळे भावाला हा लेप लावू नये.

रानवाट: आभारी आहे. मग नायट्यावर तरी तो लावावा का?

त्वचारोग_चिकित्सक: नायटा बुरशीमुळे होतो आणि त्यावर खात्रीची मलमे मिळतात, तेव्हा लेपाचा आग्रह कशासाठी? फक्त स्टेरॉइड मिसळलेले मलम परस्पर आणू नका. त्याने खाज थांबते, पण बुरशी पसरत राहते.