मदत हवी आहे : फळ्यावरचे ग्रीक-लॅटिन शब्द, पोळ्याच्या आत

खडू-फळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या अंगाला एका गावात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर इंग्रजी शिकवतो. सातवी-आठवीचे वर्ग. जूनपासून एक खोड लावून घेतली आहे. व्हरांड्यातल्या फळ्यावर रोज एक अवघड इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचा, खाली त्याचे तुकडे, त्याखाली मराठी अर्थ. परीक्षेत कधीच येणार नाहीत असे शब्द मुद्दाम घेतो. परीक्षेचं नाव काढलं की पोरं पाठ करतात आणि सोमवारपर्यंत विसरतात. बिनकामाचा शब्द मात्र त्यांच्या डोक्यात बसतो.

पहिला शब्द होता डिफेनेस्ट्रेशन. फेनेस्त्रा म्हणजे लॅटिनमध्ये खिडकी. माणसाला खिडकीबाहेर फेकून देण्याला हे भारदस्त नाव. १६१८ साली प्राग शहरात राजाच्या दोन कारभाऱ्यांना आणि एका कारकुनाला किल्ल्याच्या खिडकीतून असंच फेकलं, तिघेही वाचले, पण त्यातून पुढे तीस वर्षांचं युद्ध पेटलं. हे सांगितलं ती चूकच झाली. आठवडाभर शाळेत दप्तरं 'डिफेनेस्ट्रेट' होत होती.

मग एके दिवशी लिहिला बुस्ट्रोफेडन. ग्रीक 'बुस' म्हणजे बैल (आपल्या संस्कृत 'गो'चाच भाऊबंद), 'स्त्रोफे' म्हणजे वळण. जुन्या काळी ग्रीक लोक दगडावर एक ओळ डावीकडून उजवीकडे कोरत आणि पुढची उलटी, उजवीकडून डावीकडे. परतीच्या ओळीत अक्षरंही आरशातल्यासारखी फिरवलेली. क्रीट बेटावर गॉर्टिन इथे इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला कायदा अख्ख्या भिंतीवर असा कोरलेला आहे. आपल्याकडे आंध्रात येर्रागुडीला अशोकाच्या एका लेखातही काही ओळी अशाच उलट्या फिरतात.

नातवाला सोडायला आलेले एक आबा फळ्यासमोर थांबले. "सर, हाई काय शे?" म्हणाले. मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाई ते आमनं औत शे. मंग त्याले ग्रीक कसाले पाहिजे?" वर समजावलं की तास (नांगराची रेघ) संपल्यावर औत उचलून पहिल्या टोकाला रिकामं कोण आणतं? बांधापाशी वळवायचं आणि तिथूनच दुसरं तास धरायचं. जो येडा असेल तो रिकामा फेरा मारेल. म्हणजे आज आपण वाचताना दर ओळीच्या शेवटी जे करतो तो आबांच्या हिशेबाने रिकामा फेराच! मला उत्तर सुचलं नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे की पोळ्याच्या आठवड्यात फळ्यावर फक्त बैल-नांगराचे शब्द लिहायचे. चार जमले आहेत.

व्हर्स, म्हणजे कवितेची ओळ. लॅटिन 'वर्सुस' म्हणजे वळण, नांगराचं तास, आणि त्यावरून लिहिलेली ओळ. मूळ धातू 'वर्तेरे', वळणे. संस्कृतातला 'वृत्' तोच, आणि त्यापासून आपलं 'वृत्त'. म्हणजे भुजंगप्रयात शिकवणारे मराठीचे सर आणि मी एकाच औताला जुंपलेले आहोत, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.

प्रिव्हेरिकेट, म्हणजे सरळ उत्तर न देता बोलणं आडवंतिडवं फिरवणं. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी सांगतो की जो नांगऱ्या वाकून दाब देत नाही त्याचं तास वाकडं जातं, आणि हाच शब्द पुढे शेतातून कोर्टात गेला. कोर्टात तो लागू झाला आतून दुसऱ्या बाजूला मिळालेल्या वकिलाला.

पेक्युनिअरी, म्हणजे पैशासंबंधीचा. लॅटिन 'पेकुस' म्हणजे गुरं, आणि तो आपल्या 'पशु'चा सख्खा. त्यातूनच इम्पेक्युनिअस, खिशात दमडी नसलेला. कफल्लक लिहू का?

चौथा एग्रेजियस, आणि इथूनच माझ्या अडचणी सुरू होतात.

'ग्रेक्स' म्हणजे कळप, 'एक्स' म्हणजे बाहेर. मी बिनधास्त लिहून मोकळा झालो : कळपातून उठून दिसणारा, उत्कृष्ट. दुसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याने कोश दाखवला. तिथे अर्थ होता अत्यंत वाईट, ढळढळीत चुकीचा! फळा पुसला, पण एका पोराने तोवर वहीत उतरवून घेतलं होतं आणि वडिलांच्या बैलाचं वर्णनही त्याच शब्दाने केलं होतं. मूळ चांगलं आणि अर्थ वाईट, हे बारा वर्षांच्या मुलाला कसं पटवायचं?

दुसरी अडचण. 'पेड' म्हणजे पाय असं मी शिकवलं. पेडल, पेडेस्ट्रियन, सेंटिपीड. लगेच एका मुलीने विचारलं, मग अमळनेरला ज्या पीडियाट्रिशियनकडे आई भावाला नेते तो पायांचा डॉक्टर का? भावाला तर खोकला होता.

तिसरी. सेस्क्विपेडेलियन, लांबलचक शब्द वापरणारा. होरेस कवीने चेष्टेने म्हटलेले 'दीड पावलाचे शब्द'. याला मराठीत काही रांगडा प्रतिशब्द आहे का?

चौथी. पेट्रिकॉर, म्हणजे पहिल्या पावसात मातीचा येणारा वास. मृद्गंध लिहिलं तर पोरं विचारतात, सर हा पण अवघड शब्द झाला, ह्याचा अर्थ काय?

आणखी एक, सिन्सियर हा शब्द 'सिने सेरा', म्हणजे मेणाशिवाय, यातून आला असं वाचलं आहे. रोमन मूर्तिकार मूर्तीला गेलेले तडे मेणाने बुजवत, न बुजवलेली ती खरी. गोष्ट फार आवडली. लिहू ना?

नांगराचे, शेताचे आणखी शब्द असतील तर द्याच. मात्र अर्थ पक्के हवेत. फळ्यावरचं चुकलं तर गावभर होतं.

प्रतिसाद : भरीत-पुरी

मेणाची गोष्ट लिहू नका! गोष्ट गोड आहे म्हणूनच सगळीकडे फिरते, पण व्युत्पत्तीचे जाणकार तिला मानत नाहीत. लॅटिन 'सिन्सेरुस' म्हणजे शुद्ध, निर्भेळ, एवढं ठाम. मेण आणि तडे नंतर कुणीतरी जोडले. साधा नियम धरा : एखाद्या शब्दाच्या जन्माची कथा फारच सुंदर असेल तर आधी कोश उघडायचा. व्युत्पत्तीचा नाद भल्याभल्यांना घसरवतो. इतिहासाचार्य राजवाडे आपल्या धुळ्यात १९२६ साली गेले. धातूंच्या मागे आयुष्यभर लागले होते, आणि त्यांच्याही काही व्युत्पत्त्या पुढच्या लोकांनी खोडल्याच.

एग्रेजियसचं मात्र सोपं आहे. लॅटिनमध्ये तो खरंच कौतुकाचा शब्द. इंग्रजीत उपरोधाने वापरता वापरता उलटला आणि आता तोच अर्थ उरला. मुलांना 'नामचीन' आठवून द्या. नाव असलेला म्हणजे चांगलाच असायला हवा, पण आपण नामचीन कुणाला म्हणतो? गुंडाला. किंवा आई म्हणते "काय दिवे लावलेस!" तेव्हा दिवाळी असते का? आणि अमळनेरच्या पोरांना प्रताप कॉलेजचा प्रताप वेगळा आणि "बघा तुमच्या चिरंजीवांचे प्रताप" यातला प्रताप वेगळा, हे सांगायला लागू नये.

प्रतिसाद : तापीकाठ

पेडचं उत्तर. तिथे एकसारखी दिसणारी दोन वेगळी घराणी आहेत. लॅटिन 'पेस, पेदिस' म्हणजे पाय. आपलं पद, पाय हे त्याच कुळातले. पीडियाट्रिशियनमधला पीड ग्रीक 'पाइस, पाइदोस'मधून आला, म्हणजे मूल. इंग्लंडमधल्या स्पेलिंगमध्ये तिथे अजून एक जास्तीचा ए लिहितात, अमेरिकेने तो गाळला आणि घोळ वाढवला. त्या मुलीला पेडागॉग पण सांगा. ग्रीक घरात मुलांना शाळेत नेणारा-आणणारा जो गुलाम असे, त्याचं ते नाव. आज त्याचा अर्थ शिक्षक. (सर, राग मानू नका.)

ग्रीक शब्द ओळखायची ढोबळ खूण म्हणजे स्पेलिंगमध्ये फ साठी पी-एच, क साठी सी-एच, आर नंतर एच, मधेच वाय. अपवाद निघतील, पण फळ्यापुरतं चालेल.

सेस्क्विपेडेलियनला माझ्याकडून 'दीडहाती'. मापाचा अवयव बदलला, पण टिंगल शाबूत राहिली.

प्रतिसाद : काळी कसदार

मी कृषी पदवीधर, घरची केळी आणि कापूस. तापीकाठ यांच्या यादीत एक पेड राहिला. पेडॉलॉजी म्हणजे मृदाशास्त्र, ग्रीक 'पेदोन', जमीन. ती पुन्हा पायाच्याच कुळातली, कारण पाय ठेवायचा तो जमिनीवरच. मूल मात्र वेगळ्या घरचं.

आणि सर, व्हर्स लिहिलात तर शेजारी व्हर्टिसॉल लिहाच. आपल्या काळ्या कापसाच्या जमिनीचं मृदाशास्त्रातलं नाव तेच. 'वर्तेरे', वळणे, इथेही तोच धातू. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आक्रसते. एप्रिल-मेमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात हे पोरांनी पाहिलेलंच आहे. वरची माती त्या भेगांमध्ये पडते, पाऊस आला की खालची फुगून वर ढकलली जाते. म्हणजे जमीन स्वतःच स्वतःला नांगरते, म्हणून हे नाव. कवितेची ओळ, वृत्त आणि आपल्या पायाखालची काळी माती, तिन्ही एका धातूवर उभी. मला कॉलेजात हे कुणी सांगितलं असतं तर मृदाशास्त्राचा पेपर इतका रडतखडत काढला नसता.

पेट्रिकॉर हा शब्द मुळीच जुना नाही. १९६४ साली ऑस्ट्रेलियातल्या बेअर आणि थॉमस या दोन शास्त्रज्ञांनी बनवला. 'पेत्रा' म्हणजे दगड, 'इकॉर' म्हणजे ग्रीक देवांच्या अंगात रक्ताऐवजी वाहणारा द्रव. कनौजचे अत्तरवाले हा वास आधीपासूनच मातीतून काढून मिट्टी अत्तर म्हणून विकत होते, आणि ते त्या शास्त्रज्ञांनाही ठाऊक होतं. त्या वासातला मुख्य पदार्थ जिओस्मिन, जमिनीतले जिवाणू तो बनवतात. 'गे' म्हणजे भूमी, 'ओस्मे' म्हणजे वास. म्हणजे मृद्गंध हे जिओस्मिनचं शब्दशः भाषांतर झालं. पोरांसाठी सरळ 'पहिल्या पावसाचा वास' लिहा. आमच्या घरी एवढंच म्हणतात आणि सगळ्यांना कळतं.

प्रतिसाद : वाचनमात्र

स्पष्ट बोलतो. आठवीच्या मुलाला धड अर्ज लिहिता येत नाही आणि तुम्ही बुस्ट्रोफेडन शिकवताय. हौस शिक्षकाची, वेळ मुलांचा.

खडू-फळा

वाचनमात्र, फळा मधल्या सुट्टीचा आहे, तासाचा नाही. अर्जही शिकवतो. मागच्या महिन्यात एकाने रजेच्या अर्जात कारण लिहिलं होतं "पेक्युनिअरी अडचण". स्पेलिंग चुकलं होतं, कारण खरं होतं. रजा दिली.

बाकी सगळ्यांचे आभार. मेणाची गोष्ट रद्द. नामचीन आणि काय दिवे लावलेस दोन्ही उद्याच लावतो. व्हर्टिसॉलसाठी भेग दाखवायची होती, पण श्रावणात भेग कुठून आणू, ते आता उन्हाळ्यावर.

प्रतिसाद : भरीत-पुरी

सर, सगळ्यात भारी शब्द राहिला. डेलिरियम. तापात बरळणं, वात होणं. लॅटिन 'लिरा' म्हणजे दोन तासांमधला वरंबा, 'डे' म्हणजे त्यावरून ढळून. बैल तास सोडून भलतीकडे निघाला की रोमन शेतकरी जे म्हणायचा, तेच डॉक्टर आज रुग्णाच्या केसपेपरवर लिहितात.

आणि सेप्टेन्ट्रिओनल घ्या, उत्तरेकडचा. 'सेप्तेम त्रिओनेस', नांगराचे सात बैल. आपण ज्या ताऱ्यांना सप्तर्षी म्हणतो त्यांना रोमन लोक बैल म्हणत, आणि ते उत्तरेला दिसतात म्हणून उत्तर दिशेचंच ते नाव झालं.

खडू-फळा

डेलिरियम आज लिहिला. आबा आलेच होते. "तास सोडं," एवढंच म्हणाले आणि मान हलवली. त्यांच्यासाठी तो शब्द कधी अवघड नव्हताच.

सेप्टेन्ट्रिओनलला मात्र अडकलो. सात बैल सांगितल्यावर आबा बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, "सात? औतले जोडी लागस. आठवा कोठे गया?"

मी वसिष्ठाजवळची अरुंधती दाखवीन म्हटलं, पण तो इतका बारीक तारा की बैल म्हणून जुंपता येईल असं मलाच वाटत नाही. रोमन लोकांनी याचं काय उत्तर दिलं आहे का? पोळा अमावस्येचा आहे, ढग नसले तर सप्तर्षी संध्याकाळी वायव्येला खाली दिसतील आणि आबा येणार आहेत. त्याआधी कुणीतरी सांगा.