ऑक्टाटॉनिक स्केल पलट्यासारखं वाजतंय, कुठे चुकतंय?

तापीकाठ (भुसावळ)
राम राम मंडळी. अहिराणी एकांकिकेचं पार्श्वसंगीत करतोय. तापीच्या पुराच्या प्रसंगाला ऑक्टाटॉनिक (अर्ध्या आणि पूर्ण स्वराची अंतरं आलटून-पालटून येणारं आठ स्वरांचं स्केल) घेतलंय, पांढरी एकला (सी) सा, पहिलं अंतर अर्ध्या स्वराचं. साथीला कीबोर्ड, लग्नाच्या बॅन्डमधला क्लॅरिनेटवाला आणि एक गायिका. केरव्यात वाजवलं की सरावाचा पलटा वाटतो. तीच ओळ वर-वर उचलताना गायिका चढी होते. आणि संपवायचं कुठे, तेच सापडत नाही.

पांढरीचार (जळगाव)
भाऊ, आधी स्वर तपासा: सा, कोमल रे, कोमल ग, शुद्ध ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नि. पेटीवर पांढऱ्या एक, तीन, पाच, सहा. काळ्यांपैकी फक्त काळी चार सुटते. पूर्ण स्वराच्या अंतराने सुरुवात केली असती तर पंचमच गेला असता आणि तानपुरा मध्यमावर लावावा लागला असता. तुमच्या प्रकारात प-सा चालतो.

पलटा वाटतो कारण स्वर आठ आणि केरव्याच्या मात्राही आठ, त्यामुळे सम दरवेळी सा वरच पडते. सात मात्रांचा रूपक घ्या. एका मात्रेला एक स्वर धरला तर प्रत्येक आवर्तनात समेवर वेगळा स्वर येतो आणि ५६ मात्रांनी सा परत समेवर येतो. आठही स्वर ओळीने मात्र लावू नका. सा, कोमल रे, शुद्ध ग, कोमल ग एवढा तुकडा घ्या, तो तीन पट्ट्या वर उचला. दोन उचली पुरे, चौथी तर वरच्या सा वरच नेते.

कीबोर्डचं ट्रान्सपोज (सगळे स्वर एकदम वर-खाली सरकवणारी सोय) ३, ६ किंवा ९ ने फिरवलं तर तेच आठ स्वर हाती लागतात. या स्केलचे संच तीनच आहेत, खरा पालट हवा तर १ किंवा २ ने फिरवा.

गंधार (धुळे)
गायिकेचा कान चुकत नाहीये. कीबोर्डवर चार उचलींत सप्तक बरोबर पूर्ण होतं, कारण तिथे बारा पट्ट्या समान अंतरावर आहेत. तानपुऱ्यावर गाणारी शुद्ध अंतर घेते, कंपनांचं गुणोत्तर ६/५. चार वेळा ६/५ म्हणजे २.०७३६, सप्तक मात्र २. फरक सुमारे ६३ सेंट (अर्धा स्वर म्हणजे १०० सेंट), अर्ध्या स्वराच्या निम्म्याहून जास्त. म्हणून उचली वाद्यांना द्या, तिला एका जागी ठेवा. कोमल ग वगळला की उरलेले सात स्वर म्हणजे कर्नाटक पद्धतीतला ५२ वा मेळ (आपल्या थाटासारखा), रामप्रिया. तेवढेच तिला द्या, कोमल ग क्लॅरिनेटला. दोन्ही गंधार लागोपाठ गळ्यातून काढणं तालमीशिवाय अवघडच.

लांब शुद्ध ग वर कीबोर्ड बंद ठेवा. त्याचा ग तानपुऱ्यातल्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो, तो टोचतो.

तापीकाठ
रूपकात लगेच फरक पडला! क्लॅरिनेटला लिहून कसं द्यायचं? आणि शेवट?

पांढरीचार
बी फ्लॅट क्लॅरिनेट असेल तर पांढरी दोनपासून लिहा, ते एक पूर्ण स्वर खाली ऐकू येतं.

शेवट सापडत नाही कारण या संचात शुद्ध म, शुद्ध रे, शुद्ध नि नाहीत, म्हणजे प वरून सा कडे परतणारी नेहमीची कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) बनतच नाही. उलट सा, कोमल ग, तीव्र म, शुद्ध ध या चारही स्वरांवर मेजर (सा-शुद्ध ग-प सारखी) आणि मायनर (सा-कोमल ग-प सारखी) दोन्ही कॉर्ड बनतात, आणि कानाला घर कोणतं ते कळत नाही. पुराला हेच हवं. रशियन संगीतकार रिम्स्की-कोर्साकोव्ह यांनी १८६७ च्या ‘साद्को’ या वाद्यवृंद-रचनेत नायक समुद्रतळाशी जातो तिथे हेच स्केल वापरलं. त्यांचे शिष्य स्त्राविन्स्की यांनी १९११ च्या ‘पेत्रुश्का’ या बॅलेत सी मेजर आणि एफ शार्प मेजर एकावर एक ठेवले. पाणी चढतं तिथे तेच करून बघा: डावा हात सा-ग-प खाली, उजवा तीव्र म वरची मेजर वर. दोन्ही एकाच सप्तकात दाबलं तर नुसता गोंगाट होतो.

पूर ओसरताना स्केलमधून बाहेर पडा. सा, शुद्ध ग, प, कोमल नि यांवर कोमल रे धरा आणि तिथून शुद्ध मध्यमाच्या मायनरवर उतरा. तोपर्यंत शुद्ध म कुठेही लागू देऊ नका, तानपुराही तिथेच थांबवा.