रॉड्रिग्जचं काफे मारों: कुंपण आता तरी काढावं का?

कोरडवाहू:
मॉरिशसच्या अखत्यारीतलं रॉड्रिग्ज हे जेमतेम 108 चौरस किलोमीटरचं बेट. तिथल्या कोरड्या रानातलं काफे मारों, म्हणजे रामोस्मानिया, हे कॉफीच्या कुळातलं झुडूप नामशेष झालं असंच सगळे धरून चालले होते. 1980 च्या सुमारास एका शिक्षकाने वर्गातल्या मुलांना परिसरातल्या झाडांचे नमुने आणायला सांगितले आणि एका मुलाने नेमकी याचीच डहाळी आणली. जगात उरलेलं ते एकमेव झाड. बातमी पसरली तसे लोक फांद्या तोडून न्यायला लागले, कारण गुप्तरोगावर आणि दारूच्या उताऱ्यावर हे औषध चालतं असा तिथे समज आहे. कुंपण घातलं, मग त्याभोवती आणखी घातलं, तरी तोड थांबेना.

आता बियांपासून रोपं होतात. मग ती घरोघर वाटा, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्याच्या परसात झाड आहे तो दुसऱ्याचं कुंपण कशाला ओलांडेल? पहारा ठेवून झाड जगतं, पण ते लोकांचं होत नाही.

पानगळ:
कोरडवाहू, तुमची कळकळ पटते, उपाय अजिबात पटत नाही. 'बियांपासून रोपं होतात' हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. 1986 मध्ये डहाळ्या लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या, त्यातली रुजली ती एक. तिला पांढरी चांदणीसारखी फुलं वर्षानुवर्षं येत राहिली आणि फळ एकही धरेना. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या स्त्रीकेसराच्या टोकावर, पडायचे, पण पुढे सरकायचेच नाहीत. शेवटी 2003 मध्ये क्यूचेच उद्यानतज्ज्ञ कार्लोस माग्दालेना यांनी कुक्षीचा शेंडा कापून परागकण थेट खालच्या भागावर लावले, तेव्हा कुठे फळ धरलं. पुढे बिया रॉड्रिग्जला परत गेल्या. म्हणजे आजचा सगळा वंश एका झाडाचा. बाहेरून नवं रक्त यायची सोय नाही. अशा वेळी कुठलं रोप कुठे लावलं, त्याला फळ धरलं का, याची नोंद हवीच. परसात ती कोण ठेवणार?

आणि या झाडाचं रोप कसं दिसतं पाहिलंय का? पानं लांबट, चिंचोळी, तपकिरी, मधली शीर फिकट. वाळकी काडी वाटावी. झाड मोठं झालं की तीच पानं रुंद, हिरवीगार, चकचकीत होतात. पूर्वी बेटावर महाकाय कासवं चरायची, त्यांच्या तोंडून वाचायला कोवळेपणी हे सोंग, असं मानतात. कासवं माणसांनी खाऊन संपवली. परसातलं हे रोप कुणीतरी अंगण साफ करताना उपटणार, उरलेलं बकरी खाणार.

वाक्वाकर:
मी मॉरिशसची, मराठी घरातली. रॉड्रिग्जमध्ये आमची माणसं फारशी नाहीत, पण बेट आमच्याच देशातलं आहे, म्हणून बोलते. तिथे पाण्याची हालत फार वाईट आहे, नळाला रोज पाणी येत नाही. घरात प्यायला पाणी पुरत नसेल तर लोक रोपाला कुठून घालतील? आणि एका झुडपासाठी एवढा जीव का टाकायचा? तिथलं सोनेरी फळवाघूळ बघा. 1970 च्या दशकात शंभराच्या आत उरलं होतं, आज हजारोंनी आहे. ते वाढलं कारण डोंगर पुन्हा झाडांनी झाकले, आणि त्यात परदेशी झाडंही खूप होती. लवकर वाढेल, माती धरेल, पाणी मुरवेल ते लावा. देशी-विदेशी नंतर बघू.

पानगळ:
ताई, पाण्याचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण 'नंतर बघू' म्हणूनच रान गेलं. रॉड्रिग्जच्या सखल भागात आज काय माजलंय? आपली बाभूळ, सुबाभूळ आणि घाणेरी! सुबाभूळ आणि घाणेरी काय करतात ते आपल्याकडच्या माळांवरही दिसतं, खाली दुसरं काही उगवू देत नाहीत. वाघळाला फळाशी मतलब, झाड कुठलं का असेना. काफे मारोंला तसं चालत नाही. ग्रांद मोंताञ आणि आन्स कितोर इथल्या राखीव रानांत स्थानिक माणसं हे तण उपटून देशी रोपं लावताहेत, आणि माझ्या लेखी खरं काम ते आहे. पैसा त्यांच्या मजुरीत घाला.

कोरडवाहू:
नोंदीचा मुद्दा घेतो, घरोघर नको. पण त्या मजुरांच्याच वस्तीजवळ, शाळेच्या आवारात, दहा-पंधरा झाडं लावा आणि पाटी लावा की यातली डहाळी न्यायला हरकत नाही. शाळेचं पोर होतं म्हणून हे झाड सापडलं. औषध मानून हात लावणाऱ्याला चोर ठरवलं, की पुढचं पोर सापडलेली डहाळी कुणाला दाखवणारच नाही.

वाक्वाकर:
शाळेचं मला पटतं. शाळेच्या छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवा आणि त्यावर झाडं जगवा. फक्त ते पाणी आधी मुलांना, मग झाडाला.

पानगळ:
डहाळी न्यायची मुभा मला अजूनही नको वाटते. झाडाला निदान एकदा आपोआप फळ धरू दे, तोवर पाटीवर 'तोडू नये' असंच लिहा.