मदत हवी आहे: समुद्राच्या शुभेच्छापत्रावर खरी वाळू पक्की कशी बसवावी?

नमस्कार,

माझी आत्या या श्रावणात ७५ वर्षांची होत आहे. तिचे सारे बालपण रत्नागिरीत मांडवीजवळ गेले, आणि लग्न होऊन पुण्यात आल्याला ५० वर्षे उलटली तरी ‘काळा समुद्र’ आणि ‘पांढरा समुद्र’ (काळ्या आणि पांढऱ्या वाळूचे तिथले दोन किनारे) तिच्या बोलण्यात आले नाहीत असा दिवस क्वचितच जातो. काचबिंदूमुळे तिला आता फार अंधुक दिसते, म्हणून हे दोन्ही समुद्र बोटांनी ओळखता येतील असे शुभेच्छापत्र मी घरी तयार करत आहे आणि त्यात एका ठिकाणी अडले आहे.

३०० जीएसएमचा जलरंगाचा कागद मी मधोमध दुमडला आहे. तो उघडला की घडीवर रत्नदुर्ग आणि त्यावरील दीपगृह जाड कागदाच्या कात्रणातून उभे राहते. किनाऱ्यावरून समुद्राकडे तोंड केल्यास काळा समुद्र डावीकडे आणि पांढरा उजवीकडे येतो, तसेच ते कार्डावरही आहेत. पाण्यासाठी ओल्या निळ्या रंगावर जाडे मीठ पेरले. मीठ पाणी शोषून घेताना रंग हलतो आणि फेसासारखी पांढुरकी नक्षी उमटते. या दमट हवेत ते वाळायला दोन दिवस लागले, पण नक्षी मनासारखी उतरली.

अडचण वाळूची आहे. दोन्ही किनाऱ्यांवरची थोडीथोडी वाळू एका नातेवाइकांनी आणून दिली होती. वाळूत खारटपणा राहिला तर ती ओल धरते, म्हणून दोन्ही वाळू तीन वेळा गोड्या पाण्यात धुऊन, वाळवून, लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदावर पसरल्या. पांढरी वाळू व्यवस्थित बसली. काळी मात्र कार्ड उघडमिट करताच सुटते, आणि समोरच्या पांढऱ्या किनाऱ्यावर काळे कण जाऊन बसतात. ते मी काल सुईच्या टोकाने एकेक करून वेचले. रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे खनिज असते आणि ते साध्या वाळूपेक्षा बरेच जड असते, त्यामुळे गोंदाचा तोच थर तिला अपुरा पडत असावा असा माझा अंदाज आहे.

थर जाड केला तेव्हा बारीक काळे कण गोंदात बुडाले आणि हाताला गुळगुळीत पापुद्रा लागू लागला. गोंद पाण्याने पातळ केला तेव्हा कागद फुगून वाकडा झाला. वरून वॉर्निशचा हात दिला तर वाळू पक्की बसली, पण खरखर गेली, आणि आत्यासाठी ती खरखर हेच खरे शुभेच्छापत्र आहे. याच कारणाने पॉलिश पेपर कापून लावण्याची सूचनाही मी बाजूला ठेवली.

तेव्हा जाणकारांना विचारायचे आहे की गोंदाचे दोन पातळ थर देऊन, पहिला वाळल्यावर दुसऱ्यावर वाळू दाबून बसवावी का, की दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी अधिक उपयोगी पडेल? दोन किनारे एकमेकांवर घासू नयेत म्हणून कडेने पुठ्ठ्याची उंच चौकट दिल्यास कार्ड नीट मिटेल का? हाताशी तीन आठवडे आहेत आणि काळी वाळू आता जेमतेम दोन चमचे उरली आहे, त्यामुळे ज्यांनी हे स्वतः करून पाहिले आहे त्यांनी गोंद किती वेळ सुकू द्यावा हेही कृपया सांगावे.