मदत हवी आहे: गुलमर्गला स्की आणि स्नोबोर्ड एकाच गटात शिकता येतं का?

नमस्कार मंडळी. फेब्रुवारीत आम्ही पुण्याचे काही मित्रमैत्रिणी गुलमर्गला जातोय, फिरायला नाही, शिकायला. निम्म्यांना स्की हवंय, निम्म्यांना स्नोबोर्ड. आयोजक म्हणतात, एकच प्रशिक्षक दोन्ही शिकवेल. मला हे पटत नाहीये. स्कीवर दोन्ही पाय सुटे आणि तोंड उताराकडे. बोर्डवर दोन्ही पाय एका फळीला बांधलेले, अंग आडवं. ड्रॅग लिफ्टने, म्हणजे उभ्याउभ्या बर्फावरून वर ओढत नेणाऱ्या लिफ्टने, जाताना बोर्डवाल्याला मागचा पाय सोडवावा लागतो, त्यात नवखा माणूस हमखास पडतो. म्हणजे अर्धा गट वर थंडीत कुडकुडत उभा. वेगळा प्रशिक्षक मागावा का? तिथे कुणी असं शिकलंय का?

पॅकेजमध्ये गोंडोलाच्या (तिथल्या केबल कारच्या) दुसऱ्या टप्प्याचं, अफरवट डोंगरावरचं तिकीटही आहे. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर, तो टप्पा ३,९०० च्याही वर, आणि हिमस्खलनाचा धोका तिथलाच. नवशिक्यांनी तिथून स्कीवर उतरू नये असंच माझं मत आहे. पण गटातले दोघं हट्टाला पेटलेत. त्यांना कसं समजवावं?

आणि हो, मावसबहिणीचा पंजा रुंद आहे. भाड्याचे बूट तिथे रुंद मापात मिळतात का? नाहीतर इथूनच सोय करावी लागेल.